चार्ज देताना

श्रीरंग, किल्ली शेजारच्या कुलथेकाकूंकडे आहे.
दार आप्पांनी उघडलं तर आधी स्वतःचं नाव सांग.
"ओळखलं का मला?" हा प्रश्न या घरात बंद आहे.
कुणाचीही परीक्षा घ्यायची नाही.

गोळ्या फ्रिजवर, सात वारांची सात झाकणं.
ते गोळी उजेडात धरतील, उलटी करतील,
कड उडालेली असली तर बाजूला सारतील: "रिजेक्ट."
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्यात त्यांनी,
केसभर सरकलेली शाई त्यांना दिसायची.
वाद नको. "साहेबांना दाखवतो" म्हण, वाटीत टाक,
आणि तीच गोळी दहा मिनिटांनी
केळ्याच्या कापात दे.

पावणेसातला डबा मागतील.
नोकरी संपून बावीस वर्षं झाली
हे मी एकदा समजावून सांगितलं,
दिवसभर जेवले नाहीत.
आता डबा देते. खरा, उपमा भरून.
जेल रोडच्या कोपऱ्यापर्यंत चालायचं.
आपण त्यांना धरायचं नाही,
कोपर पुढे करायचं, ते धरतात.
कोपऱ्यावर इस्त्रीवाला गांगुर्डे म्हणतो,
"आज सुट्टी हाय, आप्पा."
मग परत यायचं आणि डबा घरी खायचा.
गांगुर्डेला पैसे देऊ नकोस, रागावेल. चहा चालतो.

अंघोळ.
आधी पाणी, मग आप्पा. कोपर बुडवून बघ.
खुर्ची बिटकोवरून आणलीय, रबरी पायांची.
आतली कडी मी काढून टाकली, त्याचा राग आहे त्यांना.
बोलत राहा. टोमॅटोचा भाव, गंगापूर धरणाचं पाणी, काहीही.
बाप उघडा असताना मुलाने गप्प राहू नये.
पहिल्या दिवशी तुला जमणार नाही.
मी नळाकडे बघत अंघोळ घातली होती,
साबण पाठीवर तसाच राहिला.

सटाण्याच्या मावशीकडून लवकरची द्राक्षं येतील.
एकेकाचे चार तुकडे कर.
अख्खं एकही नाही, कितीही हट्ट केला तरी.

हयातीचा दाखला यंदा तुझ्या वाटणीला आलाय.
बँकेतलं मशीन त्यांचा अंगठा घेत नाही,
रेघा झिजल्यात.
आदल्या रात्री कोमट पाण्यात हात, मग खोबरेल,
सकाळी कोरड्या फडक्याने पुसून ने.
तरी नाही घेतला तर डोळ्यांचं मशीन मागून घे,
पण काउंटरवर आवाज चढवू नकोस.
त्यांना वाटतं, तपासणीत
आज आपणच नापास झालो.

राग येईल.
तिसऱ्या दिवशी, बहुतेक दिवेलागणीला,
एकाच प्रश्नाच्या अकराव्या उत्तराला.
तेव्हा गॅस बंद कर, गॅलरीत जा,
समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे मोज.
मी एकदा हात उगारला होता.
फोनवर कधी सांगितलं नाही.
इथे लिहिते, म्हणजे तू मोठ्याने वाचणार नाहीस.

दहा दिवस मी दिवेआगरला असेन.
ऑपरेशन नाही, लग्न नाही, कुणाचं काही नाही.
झोपायला चाललेय.

रात्री ते मला आईच्या नावाने हाक मारायचे.
तुला मारली तर "ओ" दे, दुरुस्त करू नकोस.
पाण्याचा तांब्या उजवीकडे. पॅसेजचा दिवा चालू.
तुझी गादी त्यांच्या खोलीत, दाराजवळ,
उठले की आधी तुला लागतील.

फोन रोज नको.
त्यांनी माझं नाव घेतलं तर कर.
नाही घेतलं तर तेही…
नको, ते राहू दे.

सिलिंडरचा कॉक रात्री बंद.
खाली सही कर, तारीख घाल,
चार्ज घेतला असं लिही
आणि हा कागद आप्पांना दे.
ते उजेडात धरून बघतील.